अर्थिंग म्हणजे माहेर

सुनंदाताई गेल्या.

बॅचमध्ये पहिला नंबर काढायची लय हौस होती त्यांना. दोन वर्षांत जमलं नाही. काल काढला.

हसू आलं तर हसा. त्या असत्या तर हा जोक त्यांनीच मारला असता.

आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षांचा कोर्स. वर्गात बाया म्हणजे आम्ही दोघीच. मी पारशिवनीची, नुकती बारावी झालेली. त्या सावनेरच्या, घरात सून आलेली.

पहिल्या दिवशी त्या आत आल्या आणि अख्खी बॅच उभी राहिली. "गुड मॉर्निंग मॅडम."

"बसा," म्हणाल्या, आणि सरळ येऊन माझ्या बाजूला बसल्या.

मी काकू म्हटलं तर डोळे वटारले.

"काकू घरी. इथं मी तुही क्लासमेट आहो वं."

शेवटी ताईवर तडजोड झाली.

माझे हात चांगले चालायचे, तोंड नाही. वायरिंग झकास, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे सर समोर बसले की माझी दातखीळ बसायची. पहिल्या वर्षी तिथंच नापास झाले.

बाबांचा फोन आला. "अजून एक डाव देऊन पाह्य. नाही झालं तर घरी ये. पाहुणे थांबून राहिले."

पाहुणे म्हणजे स्थळ. मला लग्न नव्हतं करायचं. मला पास व्हायचं होतं.

मी कॅन्टीनमध्ये रडत बसले. ताईंनी डबा उघडला.

"काहून रडून राहिली? ऐक. फेज म्हणजे सासू. उघड्यावर हात लावाचा नाही. न्यूट्रल म्हणजे सासरा. गुपचूप असते, पण त्याच्याबिगर घर चालत नाही."

"आन् अर्थिंग?"

"माहेर. घरात काही बिघडलं का करंट तिकडं पळते. म्हणून सून वाचते."

"ताई, तुमच्या सुनेनं ऐकलं तर?"

"तिले ठाऊक आहे मी फेज आहो. जेव आता."

पुन्हा व्हायवा. सरांनी विचारलं, "अर्थिंग कशासाठी करतात?"

पाठ केलेलं सगळं उडालं. तोंडातून निघालं, "माहेर, सर."

"काय?"

आता बुडालेच आहे तर सगळंच सांगू, म्हटलं. सासू, सासरा, सून, सगळा संसार मांडला. मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर तो माणसातून न जाता वायरनं जमिनीत कसा जातो, तेही सांगितलं. न अडखळता. आयुष्यात पहिल्यांदा.

सर चष्मा काढून हसत होते. मग म्हणाले, "बरोबर आहे. पुढचा प्रश्न."

पास झाले. बाबांनीच पाहुण्यांना नकार कळवला. आज मी बुटीबोरीला कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि लग्न माझ्या मर्जीनं, माझ्या वेळेला केलं.

ताईपण पास झाल्या. सावनेरला पाण्याच्या मोटारींच्या रिपेअरिंगचं दुकान टाकलं. शिफ्टमध्ये कोणाशी वाजलं, घरात खटकलं, की मी सावनेरची बस पकडायचे. त्या काही विचारायच्या नाहीत. ताट वाढायच्या.

काल ताईंच्या घरी सगळ्यांत जास्त त्यांची सून रडत होती.

निघताना तिनं सुतक न बघता माझ्या ओटीत तांदूळ घातले. म्हणाली, "आई नाही म्हणून येणं बंद करू नोका."

नाही करणार.

या आता, सुनंदाताई. निवांत राहा.