पाटणकर मॅडमची हायब्रिड लॅब

ज्या लॅबमध्ये काम कमी आणि वाट बघणंच जास्त, तिथे किस्से आपोआप साचत जातात. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात पाटणकर मॅडमकडे संजय आणि मी पीएच.डी. करत होतो. काम काय? प्लास्टिकचं जाळं आणि काचेचं जाळं एकमेकांत असं गुंतवायचं, की दोन्ही पुन्हा सुटी होऊ नयेत. जमलं, तर पदार्थ काचेसारखा पारदर्शक आणि वर चिवट. नाही जमलं, तर तुकडे! आणि हे कळण्यासाठी आम्ही तो आठवडेच्या आठवडे वाळवत बसायचो.

*

मॅडमची केबिन लॅबला लागूनच. वाळता वाळता नमुना तडकला की 'टिक्' असा आवाज यायचा. मॅडम आतूनच विचारायच्या, "कोणाचं गेलं?"

एकदा संजय रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझंच, मॅडम."

"अरे देवा! या महिन्यात तिसरं ना रे?"

"हो ना. हे तरी राहील असं वाटलं होतं."

बाहेर एक पालक मुलीच्या ॲडमिशनसाठी बसले होते. ते उठले, संजयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. मी सोमवारी येतो!"

*

आमच्या पदार्थाचं नाव 'हायब्रिड'. मोठ्या हौसेनं आम्ही दारावर पाटी लावली, 'हायब्रिड संशोधन'. आठवड्याच्या आत दिंडोरीकडचे एक शेतकरी हजर! मी त्यांना जाळ्यात जाळं कसं गुंततं ते सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं बरोबर हाय. पन एकरी बियाणं किती लागंल?"

पाटी त्याच दिवशी उतरली.

*

सातपूरच्या एका कारखान्यातल्या जोशीसाहेबांना ओरखडे न पडणारं कोटिंग हवं होतं. मॅडमनी पाण्यासारखं द्रावण बाटलीत भरून दिलं. साहेब कारखान्यात न जाता बाटली घेऊन थेट घरी गेले. दुसऱ्या दिवशी धापा टाकत आले.

"मॅडम, आईनं ते गंगाजल समजून देवापुढच्या तांब्यात ओतलं!"

मॅडम पांढऱ्याफटक. "प्यायलं का कोणी?"

"आरती झाल्यावर तीर्थ म्हणून वाटणार होती..."

"अहो, प्यायलं का ते सांगा!"

"कसं पिणार? तोवर गोठून पळी आत रुतली!"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. द्रावण बिघडलं म्हणून लॅबमध्ये पेढे वाटले गेले, ते त्या एकाच दिवशी!

*

आणि संजयची शेवटची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे नुसता दरारा. सायखेड्याहून संजयची आई आली होती, ती मागच्या रांगेत अंग चोरून बसलेली. संजयकडे वाळून अखंड राहिलेली नमुन्याची चकती एकच. परीक्षकांनी ती उजेडात धरली.

"अहो, हिच्यातून इतकं आरपार दिसतं, की ही स्वतः दिसतच नाही!"

आणि चकती हातातून निसटली. फरशीवर ठण्ण! घरंगळली आणि गायब!

मी गुडघ्यांवर, मॅडम गुडघ्यांवर, शेवटी परीक्षकसुद्धा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. हाताला काही लागेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाळा, माझ्या पायाखाली ह्ये काय आलं रं?"

सगळे जागच्या जागी थिजले. आईनं पाय उचलला, वाकून चकती घेतली, पदरानं पुसली आणि परीक्षकांच्या हातात ठेवली.

"मोडलं नाय बगा."

परीक्षकांनी गुडघ्यांवरूनच चकती उलटसुलट करून पाहिली. मग संजयकडे बघून म्हणाले, "माझे प्रश्न संपले!"