मामांच्या फिल्ममध्ये मामांचं गाणं नको म्हणे

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून सरळ लिहिते.

माझे मामा हट्टा गावात गाणी रचतात, गावातल्या पोरापोरींकडून गाऊन घेतात आणि घरातल्याच खोलीत रेकॉर्ड करतात. भिंतींना गोधड्या, टेबलावर कॉम्प्युटर. जयंतीला आसपास वाजणारी कितीतरी भीमगीतं याच खोलीतली.

आज त्यांच्यावर डॉक्युमेंटरी करायला पुण्याहून लोक आले. मामांनी दारावर लाल गमछा टांगला. तो दिसला की रेकॉर्डिंग चालू आहे असं समजून शेजारची पिठाची गिरणी बंद होते, ही आमच्या गल्लीची रीत. आजही बंद झाली. बाया ज्वारीचे डबे घेऊन ओट्यावर गप बसल्या.

दिग्दर्शकाने आधी कॉम्प्युटर झाकायला लावला. मग मामांना हार्मोनियम देऊन कडुलिंबाखाली बसवलं.

"नुसती बोटं फिरवा, बाबा. संगीत आम्ही पुण्यात टाकू."

"मी केलेलं गाणं लावू का?" मामांनी विचारलं.

"कॉम्प्युटरवरचं नको. ते गावाकडचं वाटत नाही."

मामांनी पेटी बाजूला सारली. "आवाज तुमचाच टाकायचा, तर माझ्यावर फिलिम काहून करून राहिले?"

मग उठून त्यांनी गमछा काढला आणि गिरणीवाल्याला हाक दिली, "चालू कर रे. आज इथं रेकॉर्डिंग न्हाई."

आता नातेवाईक म्हणतात, मामांनी पाहुण्यांचा अपमान केला. तुम्हीच सांगा, अपमान कुणी कुणाचा केला? या गाण्यांसाठी आमची गल्ली दळण थांबवते. यांना एक गाणंसुद्धा ऐकावंसं वाटलं नाही.