तुटणारा धागा

त्सली गावच्या औषध कारखान्यात श्यांग वानचुन या बाईंनी एकेचाळीस वर्षे तूचुंग झाडाची साल भाजली. कच्ची साल मोडली असता तिच्यातून चंदेरी धागे ताणले जातात. मिठाचे पाणी पाजून ती मंद आचेवर अशी भाजावी लागते, की धागा ओढताच तुटावा आणि साल मात्र करपू नये. तो क्षण वानचुन वासावरून ओळखीत. त्यांच्या हातचे एकही पोते कधी परत आले नव्हते.

त्या वसंतात एक आले. मणक्यांमधील चकत्यांच्या कूर्चापेशी या सालीच्या काढ्याने अधिक तगतात काय, याचा शोध घेणाऱ्या डॉक्टर छिन रुइ ते स्वतःच घेऊन आल्या.

"आजी, हिला धागाच नाही. लांब धागा म्हणजे अस्सल माल, असं बाजारात सांगतात."

"बाजारात कच्ची विकतात, पोरी. ही भाजलेली आहे."

"कमरेचं औषध भाजणारीचीच कंबर वाकडी!" वजनकाट्यावरचे म्हातारे थ्यान हसले. "हिचं काय ऐकता, डॉक्टरीणबाई?"

"माझी कंबर कढईनं मोडली, थ्यानबुवा. उभी आहे ती या सालीमुळं. तुम्ही काटा सांभाळा."

वानचुन यांनी एकाच झाडाच्या सालीचे दोन भाग केले. एक कच्चा ठेवला, दुसरा डॉक्टरांसमक्ष भाजला.

"दोन्ही तपासा. कच्ची सरस ठरली, तर मी कढईला पुन्हा हात लावणार नाही."

थ्यान यांचे हसू मावळले.

त्या उन्हाळ्यात वानचुन आयुष्यात प्रथमच प्रत्येक घाणा उतरवताना दोन-दोनदा धागा ओढून पाहू लागल्या.

शरदात डॉक्टर दोन छायाचित्रे घेऊन आल्या. एकात पेशी विरळ होत्या, दुसऱ्यात दाट.

"दाट आहेत त्या तुमच्या भाजलेल्या सालीच्या. पण आजी, हे काचेच्या ताटलीतलं. माणसाच्या पाठीचं अजून ठरायचंय."

"ठरू दे की. तोवर मी भाजतेच आहे."

"आणखी दहा पोती हवीत. चिठ्ठीवर कारखान्याचं नाव घालू ना?"

"माझं घाला," पाठ शक्य तितकी ताठ करून वानचुन म्हणाल्या. "परत पाठवायची वेळ आली, तर कुणाकडे पाठवायची, हे कळायला नको?"

ती दहाही पोती थ्यान यांनी स्वतः गाडीत चढवली. प्रत्येक पोत्यावरचे नाव त्यांनी मोठ्याने वाचले.