बसवलेलं रीडिंग

हे लिहायचा मला काय अधिकार, असं सारखं मनात येतं. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू चांगली नाही. वाचून कुणाला माझा राग आला तर तो रास्तच आहे. त्याची क्षमा आधीच मागून ठेवतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही वसईच्या पाचूबंदरला राहायचो. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय फिजिक्स. आई लिलावात मासळी घेऊन वाड्यांमधून विकायची. केळीच्या एका वाडीत तिचं जुनं गिऱ्हाईक होतं, एक ख्रिस्ती गृहस्थ. सगळे त्यांना अंकल म्हणत. पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणाऱ्या दोन-चार जणांसाठी ते पिस्तुलाची काडतुसं हाताने भरून देत. त्याचा परवाना येशूच्या तसबिरीशेजारी काचेत लावलेला असे.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा आई त्यांना म्हणाली, "माझा पोरगा सायन्सला हाय. मोजमाप त्याला बरोबर येतं." दारात टोपली डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली होती.

काम तसं सोपं होतं. पितळी पुंगळीला बुडाशी टोपी, म्हणजे ठोका बसताच पेटणारी छोटी वाटी, बसवलेली असायची. तिच्यात मापाने बंदुकीची दारू ओतायची आणि वरून शिशाची गोळी दाबून बसवायची. पण अंकल पहिल्याच दिवशी म्हणाले, "पिस्तूल स्वतःच्या जोरावर पुढचं काडतूस वर घेतं, पोरा. दारू दुप्पट पडली तर ते फुटेल. आणि अजिबात पडली नाही तर त्याहून वाईट."

दारू नसली तर नुसत्या टोपीच्या धक्क्याने गोळी सुटते आणि नळीत मध्येच अडकते. आवाज बारीक होतो. माणसाला वाटतं, हे फुसकं निघालं. तो हाताने पुढचं काडतूस चढवतो, घोडा दाबतो, आणि त्या गोळीला बाहेर जायला वाट नसते.

म्हणून अंकलचे दोन नियम होते. दारू ओतताना मध्येच हात थांबला, तर पुंगळ्यांच्या त्या अख्ख्या ओळीतली दारू डब्यात परत ओतून पहिल्यापासून भरायची. आणि शेवटी डब्यात उरलेली दारू तोलून वहीत लिहायची. पन्नास मापं गेली असतील तर उरलेलं वजनही त्या हिशोबानेच यायला हवं.

त्या शनिवारी संध्याकाळी अंकलच्या नेमबाज गिऱ्हाइकांपैकी एक आले होते, त्यांना सगळे दादा म्हणत. गोखिवऱ्याला त्यांचा लेथ मशीनचा गाळा होता. पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या रेंजवर त्यांना दहा काडतुसं उडवून पाहायची होती.

"काय शास्त्रज्ञ, आज देताय, की निकाल टपालाने येणार?"

"घाई असेल तर दुकानातनं घे," अंकल म्हणाले.

"दुकानातली परवडली असती तर डास चावून घ्यायला तुमच्या वाडीत कोण आलं असतं?"

मी हसलो. तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. अंकल हातातलं काम टाकून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मी हिंदू कोळ्याचा मुलगा, पण त्यांच्या घरी मीही उभा राहायचो. माप खाली ठेवलं आणि उभा राहिलो. प्रार्थना संपून परत बसलो तेव्हा शेवटचं माप कोणत्या पुंगळीत ओतलं होतं ते आठवेना. बॅटरी मारून पाहिलं. आत सगळीकडे काळंच दिसलं, दारू कुठे आणि नुसता अंधार कुठे ते कळेना. ओळ रिकामी करायला हवी होती. दादा घड्याळ बघत होते. मी अंदाजाने पुढे भरत गेलो.

शेवटी तोलायची वेळ आली. काटा हलत होता, थांबायला वेळ लागला असता. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आम्ही काय करायचो ते सांगतो. उत्तर किती यायला हवं ते माहीत असलं की रीडिंग उलटं काढून बसवायचं. जर्नलवर सरांची सही मिळायची. मी तसंच केलं. किती उरायला हवं ते मनात काढलं आणि वहीत लिहिलं.

दादांनी वाकून वही पाहिली. स्वतः वजाबाकी केली. "एकदम बरोबर! पोरगं कामाचं आहे हो, अंकल." अंकलनी आकड्याखाली सही केली. दादा दहा काडतुसं घेऊन गेले.

घरी मला जेवण गेलं नाही. "काय झालं रं? परीक्षा हाय काय?" आई विचारत राहिली.

सकाळी मिस्सा सुटायच्या वेळी मी चर्चबाहेर उभा राहिलो आणि अंकलना सगळं सांगितलं.

"तोललीस का?"

"नाही."

"मग आकडा?"

"बसवला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वळले आणि फोन असलेल्या वाण्याच्या दुकानाकडे चालू लागले, सुटाबुटात, जवळजवळ पळत. रेंजवर वॉचमनने फोन उचलला. "त्याला सांग, माझी काडतुसं वापरू नको. आत्ता जा. पळत जा."

घरी येऊन त्यांनी आधी डबा तोलायला लावला. एक माप जास्त भरलं. म्हणजे पन्नासांतलं एक रिकामं होतं, आणि घरात चाळीस होती. आम्ही एकेक उघडायला बसलो. पहिल्यात दारू निघाली, आणि मला हायसं वाटलं. दहा-बारा झाल्यावर कळलं, यात हायसं वाटण्यासारखं काहीच नाही. प्रत्येक भरलेलं काडतूस रिकाम्याला दादांच्या दहांकडे ढकलत होतं. अंकल दर वेळी पुटपुटत, "देवा, आमच्यात असू दे." मीही तेच म्हणू लागलो. चाळिसावं मी उघडलं. दारू कागदावर सांडली.

त्यानंतर आम्ही नुसते बसून होतो. आंटीने वाढलेलं तसंच राहिलं. तीनच्या सुमारास दादांच्या गाळ्यातला कामगार स्कूटरवरून आला. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

"अंकल, शेठच्या हातात पिस्तूल फुटलं. डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर काय बोलत नाहीत."

"निरोप पोचला नाही?" अंकलनी विचारलं.

"पोचला ना. वॉचमन धावतच आला होता. शेठ बोलले, म्हातारा उगाच घाबरतो. वहीतलं रीडिंग मी स्वतः बघून आलोय."