शिट्टी समजून कापलेली गिटार

“मॅडम, तुमची मशीन गाणं खाऊन राह्यली.”

शेषरावकाकांनी कानातली मशीन काढून माझ्या टेबलावर ठेवली. मागे त्यांचा मुलगा बालाजी रेकॉर्ड प्लेअरची पेटी छातीशी धरून उभा होता. दोघे परतूरजवळच्या आष्टीहून बसने आले होते आणि काका चांगलेच तापले होते.

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे कान तपासते आणि ऐकायची मशीन बसवून देते. जालन्यात माझं छोटं क्लिनिक आहे. मशीन टोचते, मशीन हरवली, मशीन लावल्यापासून सुनेचं सगळंच ऐकू येतं, अशा तक्रारी रोजच्या. गाणं खाते ही तक्रार पहिल्यांदाच आली होती.

काकांचा धंदा लाऊडस्पीकरचा. परतूर तालुक्यातल्या किती लग्नांत त्यांचे भोंगे वाजले याचा हिशोब त्यांनाही नाही. वरात येईपर्यंत सिनेमाची गाणी, आणि पंगत बसली की हवाईयन गिटार. “गिटारीत शब्द न्हाईत ना. मंग वाढप्याला ‘भाजी आण’ म्हणलेलं ऐकू जातं,” असं ते सांगायचे. पुढे डीजे आले, भोंगे गेले. काकांनी सगळं सामान विकलं. गिटारच्या रेकॉर्डही त्यातच गेल्या, असं ते धरून चालले होते. यंदा बालाजीने आपल्या मंडपाच्या धंद्याचं गोदाम आवरायला काढलं, तेव्हा कुजलेल्या कनातींखाली त्या रेकॉर्डची ट्रंक सापडली.

काका बरीच वर्षं बहिरे होते. घरचे मागे लागले तरी मशीनला नाहीच म्हणत होते. ट्रंक सापडल्यावर मात्र स्वतः होऊन माझ्याकडे आले. “माणसांचं बोलणं न्हाई आलं तरी चालतंय. ही गिटार एकदा ऐकू येऊ द्या,” म्हणाले. त्यांचं वय आणि कानांची घसरण पाहता हे काम लवकर व्हायला हवं होतं.

बालाजीने पेटी उघडून रेकॉर्ड लावली. मी मशीनला तपासणीची नळी जोडली. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी असते, तिच्यातून मशीन काय ऐकवते ते आम्हाला कळतं. तबला आला. मागची व्हायोलिनं आली. गिटारने पहिला सूर धरला, तो थरथरला, आणि पुसल्यासारखा गेला. पुढचा सूर आला, तोही गेला.

मी नळी काढली आणि तीच रेकॉर्ड साध्या कानांनी ऐकली.

खरं सांगायचं तर हवाईयन गिटार मी आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत तुकडा धरून तारांवरून फिरवतात, कापडावरून इस्त्री फिरवावी तसा. त्यामुळे एक सूर सुटून दुसरा लागत नाही, पहिलाच घसरत दुसऱ्यापर्यंत जातो. सिनेमातलं ओळखीचं गाणं होतं, पण शब्द काढून टाकल्यावर ते कितीतरी जास्त दुःखी वाटत होतं. मला गलबलून आलं. वेटिंगमधला पेशंट दारातून डोकावला तसा मी आवाज कमी केला.

दोष लक्षात आला होता. मशीनमधून निघालेला आवाज कानाच्या फटीतून परत तिच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. ती दाबायला मशीनमध्ये फीडबॅक कंट्रोल असतो. लांब, सरळ, एकसुरी आवाज आला की तो त्याला शिट्टी समजतो आणि कापतो. गिटारचा लांब सूर त्याला तसाच वाटत होता.

हे मी काकांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांना लगेच कळलं. “माइक भोंग्यासमोर गेल्यावर कोकलतो, ते ना? म्हणजे गिटारीला ती कोकलणं समजून राह्यली?”

मी मान डोलावली. काका पहिल्यांदाच हसले.

कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

“मॅडम, आमचा फीडबॅक कंट्रोल एकदम जबरदस्त आहे.”

“तेच तर दुखणं आहे. तो पूर्ण बंद करायचाय.”

“मग शिट्टी वाजेल. पेशंट तक्रार करेल.”

“पेशंट आत्ताच तक्रार करतोय. सेटिंग सांगा.”

फट राहू नये म्हणून मी काकांच्या कानाचं नव्याने माप घेतलं आणि घट्ट मोल्ड, म्हणजे मशीनचं कानात बसणारं बूच, बनवायला पाठवला. मोल्ड आल्यावर मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम टाकला आणि त्यात सगळी कापाकापी बंद केली. नळीतून ऐकलं. गिटार पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत आली. मी खूश होते, हे कबूल करते.

काका आले ते धुतलेलं धोतर आणि कोरी टोपी घालून. बालाजीने रेकॉर्ड लावली. काकांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनी वर पाहिलं, ते माझ्याकडे नाही, मुलाकडे.

“बाळ्या, प्लेट वाकडी झाली का रे?”

“न्हाई, बाबा. बिलकुल सरळ हाये.”

“मंग बेसूर का वाजून राह्यली?”

बालाजीने दुसरी रेकॉर्ड लावली. मग तिसरी. काकांनी हात वर करून थांबवलं.

मी मोबाइलवर पियानोचे सूर वाजवून दोन्ही कान वेगवेगळे तपासले. एकच सूर त्यांना उजव्या कानात वेगळा ऐकू येत होता, डाव्यात वेगळा. वरचे सूर तर दोन्हीकडे घसरलेले. कानाच्या आत अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात, सुरागणिक वेगळ्या. काही मेल्या की त्यांचं काम शेजारच्या करू बघतात आणि सूर भलताच लागतो. बोलणं त्यातूनही समजतं. पण ज्या वाद्यात सगळा जीव सूर कुठे जाऊन थांबतो यात आहे, त्याची माती होते.

“दुरुस्ती?” काकांनी विचारलं.

“नाही हो, काका. मशीन फक्त आवाज मोठा करते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.”

“कशानं मेल्या?”

उत्तरही त्यांनीच सांगितलं. “भोंग्याखाली बसायचो मी. कुणी वायरी ओढू नये म्हणून. झोपायचो बी तिथंच.”

बालाजी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

काकांनी मशीन काढून डबीत ठेवली. म्हणाले, “आता मशीनबिगर लावा. सुरू झाली की मला खूण करा.” प्लेअर त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर होता. बालाजीने सुई टेकवली, मी हात वर केला. काकांनी डोळे मिटले आणि डावा हात टेबलाच्या कडेवरून सरकवायला लागले, अदृश्य तारांवरून फिरवावा तसा. गिटार त्यांनी कधी वाजवली नव्हती. रेकॉर्डच्या कव्हरवर वाजवणाऱ्याचा फोटो होता, तेवढाच त्यांचा अभ्यास. सुरुवातीला हात आणि गिटार बरोबर चालले. मग हात पुढे गेला. मधलं एक अख्खं कडवं त्यांच्या आठवणीतून गळालं होतं.

हात थांबला. त्यांनी डोळे उघडले.

“संपली ना बराबर?”

त्यांच्या मागे गिटार अजून वाजत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये एवढीच माझी धडपड होती. मी मान हलवली. हो, बरोबर संपली. बालाजीने हळूच सुई उचलली.

त्यानंतर कुणी गाणं ऐकायचंय म्हणून मशीन मागायला आलं की मी आधी सूर तपासते, मशीनचं नंतर बोलते. काकांची मशीन मी परत घ्यायला तयार होते, पण त्यांनी दिली नाही. ती लावून ते घरात सगळ्यांशी बोलतात, फोनही घेतात. गिटार लावताना तेवढी काढून ठेवतात. कंपनीच्या लेखी ही यशस्वी केस आहे.