वाशी ते वाशी

आमचे वायरमन सायकल चालवताना रस्त्याकडे बघायचे नाहीत, वर बघायचे. उभी नोकरी खांबावर गेलेली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही मान खाली यायला तयार नव्हती. कुठली तार सैल पडलीय, कुठल्या खांबावर वेल चढलाय, कुणी आकडा टाकलाय, हे सगळं त्यांना चालत्या सायकलवरून दिसायचं. समोरचा खड्डा तेवढा दिसायचा नाही. मी ओरडायचो, "अहो वायरमन, खाली बघा!" तर म्हणायचे, "खाली काय बघायचं? रस्ता कुठं पळून चाललाय व्हय?"

त्यांना नाव होतं, पण वाशीत ते कुणी वापरलं नाही. त्यांच्या बायकोसुद्धा दारातून "वायरमन न्हाईत घरी" असंच सांगायच्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून मी 'सर'. ओळख जुनी, पण मैत्री झाली ती दोघांच्याही घरात एकट्यापुरता स्वयंपाक व्हायला लागल्यावर. माझी बायको वारली, मुलगी पुण्याला. वहिनी, म्हणजे वायरमनच्या बायको, नातू झाला म्हणून मुलाकडं नवी मुंबईला गेल्या, दोन-चार महिन्यांसाठी. तो नातू आता शाळेत जायला लागला आणि वहिनी अजून तिकडंच. "दोन-चार महिनेच हायत, सर," वायरमन म्हणायचे, "फकस्त जरा लांबलेत."

भेटल्यावर 'कसं काय' म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. "काय सर, लाइन हाय का?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता तोंडाकडं बघून स्वतःच ठरवायचे. आमच्याकडं शेतीच्या मोटारीला थ्री फेज मिळते ती काही तास. बाकीचा वेळ घरात दिवा लागण्यापुरती सिंगल फेज. "आज सिंगल फेजवर दिसताव," असं ते म्हणाले की समजायचं, माणूस जिवंत आहे पण मोटार ओढत नाही. बायकोच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी दारच उघडलं नाही. तर खिडकीतून म्हणाले, "सर, फ्यूज गेला असंल तर सांगा, घालून देतो. तारच तुटली असंल तर म्या हितं बसतो." आणि पायरीवर बसून राहिले. दुपारी मीच चहा घेऊन बाहेर आलो.

सायकलीचं खूळ निघालं ते माझ्या गुडघ्यावरून. मुलीनं माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा मागवला आणि तो पत्त्यातल्या वाशी या शब्दावर विश्वास ठेवून थेट नवी मुंबईच्या वाशीला गेला. हे आमच्या गावाच्या पाचवीला पुजलेलंच आहे. जगात वाशी म्हटलं की ती खाडीपलीकडची. आमचीही एक वाशी आहे, तालुक्याचं गाव आहे, बाजार भरतो, हे कुणाच्या गावीही नसतं. पट्टा बऱ्याच दिवसांनी परत आला. वायरमन पोट धरून हसले. "सर, तुमचा पट्टा वाशी बघून आला, गुडघा न्हाय गेला." मग एकदम म्हणाले, "जायचं का? वाशी ते वाशी. सायकलवर."

मला वाटलं चेष्टा. पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काही शिजत होतं. त्यांचा मुलगा त्याच खाडीपलीकडच्या वाशीत राहायचा आणि त्याच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पोरांच्या सायकली गंजत पडल्या होत्या. पोरं मोठी झाली, सायकली साखळीला तशाच. आणि आमच्याकडं वस्तीवरच्या पोरी सातवीनंतर घरी बसतात, कारण पुढची शाळा लांब आणि एसटीचा भरवसा नाही. सरकारी सायकली येतात, पण सगळ्यांना पुरत नाहीत. "हिकडं पोरी चालायल्यात अन् तिकडं सायकली बसल्यात," वायरमन म्हणाले. "ह्याला काय अर्थ हाय का?"

मी मास्तर, शंका काढणं हा माझा धंदा. म्हटलं, मुलाला एक फोन करा, काम होईल. त्यावर त्यांनी मला खुळ्यात काढलं. "फोनवर मागितलं की लोक व्हय म्हणत्यात अन् इसरत्यात. एवढ्या लांबून घाम गाळत दारात गेलं की न्हाय म्हणायला जीभ रेटत न्हाय." दिवाळी झाली की थंडीत निघायचं ठरलं. भूम, जामखेड, पुढं नगर, पुणे आणि मग घाट उतरून खाली. मुक्काम शाळांमधून करायचे, कारण मास्तर लोकांत माझी ओळख.

खरं कारण मला पुढं सरावात कळलं. ते एकदाच मुलाकडं गेले होते आणि आठवड्यात परत आले होते. "पोरगा चांगला हाय, सून त्याहून चांगली," ते म्हणाले. "पर सोफ्यावरनं उठलो की इचारती, पप्पा, काय पाहिजे? घरात माणूस उठतो ते काय पाहिजे म्हणूनच उठतो का? अन् तारा सगळ्या जमिनीतनं. वर बघावं तर काहीच न्हाय."  मग म्हणाले, "पाव्हणा म्हणून न्हाय जायचं मला. काम घिऊन जायचं. मग हिला म्हणता येतं, चल, काम झालं, आता घरी चल." वहिनींना परत आणायला हा माणूस सायकलवरून निघाला होता आणि सोबतीला मला घेत होता. मला कुणाला आणायचं नव्हतं. पण सकाळी कुणीतरी दारात घंटी वाजवतं एवढ्यावर मी कुठंही जायला तयार होतो.

सराव त्यांच्या पद्धतीनं. मोकळी सायकल चालवणं त्यांना मंजूर नव्हतं, कॅरियरवर ओझं पाहिजे. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचं दळण आम्ही न्यायला लागलो, तेही जवळची गिरणी सोडून तेरखेड्याच्या गिरणीत. बायका खूश. त्यांनी दळणाचे डबे आदल्या दिवशीच काढून ठेवायला सुरुवात केली. एकदा माझी सायकल चढावर कलली आणि शेजारच्या काकूंची ज्वारी डांबरावर पसरली. वायरमन वरची तार बघत पुढं निघून गेले होते. परत आले, ज्वारीकडं बघितलं आणि म्हणाले, "चिमण्यांचं झालं काम. काकूंना सांगा, गिरणीत लई घट आली." गुडघा दुखला की म्हणायचे, "अजून चार खांब फकस्त." ते चार खांब कधी संपायचे नाहीत. पण खोटं बोलून का होईना, त्या माणसानं मला येरमाळ्याचा चढ चढवला. वर पोचल्यावर आम्ही धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि मला बऱ्याच दिवसांनी जेवल्यासारखं वाटलं.

दिवाळी तोंडावर आली असताना ते पडले. तेरखेड्याच्या अलीकडं रस्त्याकडेला खडीचा ढीग होता. मी मागून ओरडलो, पण ते वर बघत होते. धावत गेलो तर आडवे, चेहरा पांढराफटक, हलता येत नाही. मला म्हणाले, "सर, त्या खांबावरचा, तारेखालचा चिनी मातीचा कप फुटलाय. आधी हापिसाला फोन लावा, कुणाच्या तरी जिवावर बेतंल." मी आधी त्यांच्या मुलाला लावला. दवाखान्यात नेल्यावर कळलं, खुब्याचं हाड मोडलं होतं.

मुलगा गाडी घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, आता यांना इथं एकटं नाही ठेवता येणार." म्हणजे मी हिशेबात नव्हतो. त्याचंही चुकलं नाही, मीही एक म्हातारा माणूसच. वायरमनना मागच्या सीटवर उशा लावून आडवं केलं. त्यांनी काचेतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं. "सर, म्या पुढं व्हतो," ते म्हणाले. "तुम्ही मागनं या." गाडी भूमच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी घरी येऊन मी टीव्ही मोठ्यानं लावला आणि त्यावर काय चाललंय ते न बघता समोर बसून राहिलो.

पुढं ऑपरेशन झालं, वॉकर आला. महिनाभर फोनवर नुसतं हं, व्हय, बरं हाय. मग एक दिवस आवाजात जोर. वॉकर घेऊन त्यांनी इमारत पालथी घातली होती. लिफ्टनं पार वर जायचं आणि लिफ्टनंच एकेक मजला खाली उतरत, दारं वाजवून पडून असलेली सायकल मागायची. "खांबावरनं उतरायची सवय कामाला आली," म्हणाले. तिकडच्या मोठ्या मार्केटला आमच्या भागातून भाजीचे टेम्पो जातात आणि परत येताना रिकामे असतात. त्यांतला एक त्यांनी ठरवला होता.

टेम्पो सकाळी माझ्या दारात आला. मी दाढी करून, धुतलेला सदरा घालून उभा होतो. वायरमन येणार असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी मी आधी ड्रायव्हरशेजारच्या सीटकडं बघितलं. तिथं एक गुलाबी रंगाची छोटी सायकल होती, मागं मावली नाही म्हणून पुढं ठेवलेली.

सायकली वाटल्या. आता सकाळी वस्तीवरच्या पोरी घोळक्यानं माझ्या दारावरून जातात आणि "सर, बाजूला!" म्हणून मलाच दरडावतात. वायरमन तिकडंच आहेत. वहिनी एकदा फोनवर म्हणाल्या, "भावजी, आता दोघं एकाच घरात हाव, आणखी काय पाहिजे?" खरं आहे. त्यांचा संसार पुन्हा एक झाला याचा मला आनंद व्हायला पाहिजे. होतोही. पण तो दुसऱ्याच्या घरातला आनंद आहे, तो माझ्या दारात घंटी वाजवत नाही.

दर रविवारी वायरमनचा फोन येतो. इकडचं तिकडचं झालं की ते विचारतात, "मग सर, कधी निघायलाव?" मी म्हणतो, संक्रांत होऊ द्या. मग म्हणतो, ऊन उतरू द्या. मग म्हणतो, गुडघा जरा कुरकुरतोय. ते म्हणतात, "घाई न्हाय, सावकाश या." एकट्यानं तेवढा रस्ता कापायचं बळ माझ्यात नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही पक्कं माहीत आहे. तरी ते विचारतात, आणि तरी मी शनिवारी चाकांत हवा भरून ठेवतो. कारण मला कुठंतरी निघायचं आहे असं मानणारा त्यांच्यावाचून आता कुणी राहिलेला नाही. ज्या रविवारी ते विचारणार नाहीत, त्या रविवारची मला फार भीती वाटते.