नक्षीची सुरी आणि दोन पोती कांदा

आकाराम फौजेतून निवृत्त होऊन रहिमतपूरजवळच्या आपल्या मळ्यात परतला, तेव्हा त्याचं वय त्रेचाळीस होतं आणि गावानं त्याची पुढची नोकरी परस्पर ठरवून टाकली होती. बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभं राहायचं. शेजारच्या तानाजीनं तर बँकेतल्या साहेबाच्या कानावरही घातलं होतं.

"बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. आणि काय पायजे रं गड्या तुला?"

आकारामला खुर्चीच नको होती. फौजेतली चोवीस वर्षं त्यानं गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपात काढली होती. बंदुकीपेक्षा हातोडाच त्याच्या हातात जास्त बसला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी जबलपूरला एका जोडीदारानं त्याला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचतो, तापवून, ठोकून त्यांचा एकजीव करतो, घडी घालतो, पुन्हा ठोकतो. शेवटी तयार पातं अॅसिडात बुडवून वर काढतो, तर त्यावर लाटांसारखी नक्षी उमटलेली! आकारामनं तो व्हिडिओ शंभरेक वेळा तरी बघितला असेल. आपल्याला हे जमलं पाहिजे, एवढंच त्याच्या मनानं घेतलं.

गोठ्याशेजारच्या शेडमध्ये त्यानं गॅसची भट्टी बांधली. फलटणच्या भंगारवाल्याकडून साखर कारखान्यातल्या जुन्या यंत्राचा जाडजूड दांडा आणून जमिनीत उभा पुरला, झाली ऐरण. सांगलीच्या लाकडाच्या वखारींतून करवतीची तुटकी पाती जमवली. ते पोलाद अॅसिडात चकचकीतच राहतं. त्याच्या जोडीला काळं पडणारं साधं पोलाद पुण्याहून मागवलं. जोड धरावा म्हणून टाकणखाराची पिशवी आणली. आणि पहिल्याच दिवशी त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला दोनच हात आहेत. एका हातात सांडशी धरली, तर घण मारायचा कुणी?

अंजना, त्याची बायको, दारात उभी राहून बघत होती. तो फौजेत असताना शेती तिनंच सांभाळलेली, आणि वर बचत गटातून केकचा धंदाही उभा केलेला. माहेर माणमधलं, मेंढपाळाचं. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या, मेखा माळावरच्या मुरमात ठोकत लहानाची मोठी झालेली बाई ती.

"आवं, व्हा बाजूला," ती म्हणाली. पदर खोचला आणि घण उचलला.

पट्ट्यांचा पहिला गठ्ठा फुटला. मेसमधल्या लच्छा पराठ्यासारखे त्याचे थर सुटे झाले. दुसरा जळला. तिसरा बाहेरून जुळला आणि आतून पोकळ निघाला. सातव्या खेपेला पट्ट्या एकजीव झाल्या. मग त्यांचं पातं घडवलं, लाल तापवून तेलात बुडवलं, म्हणजे कडक व्हायला पाणी पाजलं, आणि पातं काचेसारखं ठिसूळ राहू नये म्हणून ते दोन तास मंद आचेवर भाजायचं ठरलं. त्यासाठी ओव्हन लागतो, आणि घरात ओव्हन होता अंजनाचा. आकारामनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका पोराच्या वाढदिवसाच्या केकला गॅरेजचा वास आला. त्या वासाची तक्रार चार घरं हिंडून अंजनापाशी पोचली, आणि त्याच आठवड्यात शेडमध्ये जुन्या बाजारातला वेगळा ओव्हन येऊन बसला.

पण पहिलं पातं अॅसिडातून वर आलं तेव्हा दोघंही त्यावर वाकली. काळ्या-पांढऱ्या रेघा वळत, घुमत टोकापर्यंत गेल्या होत्या.

"रानात पाणी साचून वाळलं की गाळावर वळ पडत्यात, तसंच हाय की हे," अंजना म्हणाली. तिनं बोट फिरवलं आणि पटकन मागं घेतलं. धारही तशीच जबर होती.

सहा महिन्यांत अकरा सुऱ्या झाल्या. बाभळीच्या मुठी, पितळेचे खिळे. सांगलीत बचत गटांचं प्रदर्शन होतं. अंजनाच्या टेबलावर केक आणि बिस्किटांच्या शेजारी हातभर जागा आकारामला मिळाली.

लोक थांबत होते, फोटो काढत होते. "ही भाजी चिरायला, का नवरदेवाच्या हातात द्यायला?" असंही एकानं विचारलं. किंमत ऐकली की हळूच बिस्किटांकडं सरकत होते. तेवढ्यात वाईहून आलेल्या एक बाई थांबल्या. राजेश्वरीबाई, निवृत्त शिक्षिका. प्रदर्शनाला भाचीबरोबर आल्या होत्या.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं," त्या म्हणाल्या. "आता विळीवर बसता येत नाही. जन्मभर खाली बसून चिरलं, उभ्यानं चिरायचं नव्यानं शिकतेय. मग शिकायचंच तर चांगल्या सुरीवर शिकू, म्हटलं."

ती आकारामची पहिली विक्री. त्यानं सुरी तीन कागदांत गुंडाळली, वर दोरा बांधला, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून बाईंचा फोन नंबर आणि पत्ता लिहून घेतला. अंजनाला म्हणाला, "बघितलंस?" ती हसली. "बघितलं की. आता दहा ऱ्हायल्या."

दुपारी समोरच्या पिठलं-भाकरीच्या स्टॉलवरून दगडाबाई आल्या. साठीच्या, रुंद हाडाच्या. कवठेमहांकाळकडच्या. लग्नकार्यात हजार-हजार माणसांचा स्वयंपाक उठवणाऱ्या. त्यांनी सुरी उचलली, नक्षीकडं बघितलंही नाही, अंगठ्यानं धार चाचपली आणि म्हणाल्या, "गाजर हाय का कुणाकडं?"

गाजर आलं. टेबलाशी एक तरुण जोडपं सुरी घ्यावी की न घ्यावी या विचारात उभं होतं, तेही बघू लागलं. दगडाबाईंनी सुरी दाबली. कडाड् आवाज झाला आणि गाजराचा अर्धा तुकडा उडून पलीकडच्या लोणच्याच्या बरणीवर आपटला.

"कुणी केली ही?"

"मी केली, मावशी."

"ह्ये गाजर कापलं का फोडलं?"

आकारामनं पात्याकडं बोट केलं. "धार तर चांगली हाय, मावशी."

"धारेला कोन नाव ठेवतंय? पर धारेच्या मागं पाचर लावलीयास तू बाबा, पाचर! लाकडं फोडायला बरी हाय. कांदा हिच्याखाली चिरायचा न्हाई, चेंगरंल." त्यांनी सुरी अलगद खाली ठेवली. आवाजात कुचेष्टा नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. तरुण जोडपं बिस्किटांचे दोन पुडे घेऊन गेलं.

परतीच्या गाडीत आकाराम पिशवी मांडीवर धरून बसला. दहा सुऱ्या पिशवीत होत्या, त्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. अकरावी वाईला गेली होती. तिकडं एक बाई दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून गाजरं फोडत असणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

"फोन करा की त्यास्नी," अंजना म्हणाली.

"फोनवर त्या खरं सांगायच्या न्हाईत. बाई भल्या हायत."

तिसऱ्या दिवशी तो एसटीनं वाईला गेला. घाटाजवळच्या एका आळीत बाईंचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला. आकाराम मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. ओट्यावर अर्धा चिरलेला दुधी होता आणि त्याशेजारी लाल मुठीची, बाजारातली साधी सुरी. त्याची सुरी बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात होती, विद्यार्थ्यांनी दिलेल्या मानपत्राशेजारी.

"इतकी सुंदर वस्तू," बाई घाईनं म्हणाल्या, "स्वयंपाकघरात खराब होईल, म्हणून..."

"बाई, खरं सांगा."

राजेश्वरीबाईंनी चहात साखर घातली, ढवळली, जरा जास्तच ढवळली. "छत्तीस वर्षं मुलांना तोंडावर नापास म्हणत आले, कधी जीभ अडखळली नाही. पण तुम्ही त्या दिवशी ती सुरी लहान बाळासारखी गुंडाळून दिलीत हो."

"मग नापास का मी?"

"काठावर," बाई म्हणाल्या. "पण नापासच."

आकाराम मोठ्यानं हसला. तीन दिवस छातीवर बसलेलं ओझं त्या हसण्यात उतरलं. त्यानं पैसे परत द्यायला खिशात हात घातला, तर बाईंनी चक्क डोळे वटारले. "पैसे कसले? परीक्षेला पुन्हा बसा आणि पास होऊन या." आणि कपाटातली सुरी काढून त्याच्या हातात दिली.

पास व्हायचं तर अभ्यास पाहिजे. प्रदर्शनवाल्यांकडून नंबर घेऊन त्यानं दगडाबाईंना फोन लावला आणि स्वयंपाकाच्या कामाला येऊ का म्हणून विचारलं. पलीकडून आधी हसू आलं. मग, "ये की. रविवारी तासगावात लग्न हाय. कांदा दोन पोती पडलाय. तुझीच सुरी घिऊन ये."

मांडवामागं चार बाया कांद्याला बसल्या होत्या, पाचवा फौजी बसला. त्यांचे तीन कांदे होईतो याचा एक होत होता. सुरी कांद्यात शिरायची आणि मधेच अडून बसायची. ओल्या हातात गोल मूठ फिरायची. तासाभरानं तर्जनीच्या मुळाशी फोड आला, कारण पात्याच्या पाठीची कड बोचरी होती आणि ती घासून गोल करावी हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बाया पदराआड हसत होत्या. एकीनं आपली जुनी, झिजून पानासारखी झालेली सुरी त्याच्या हातात ठेवली. त्यानं एक कांदा चिरला. दुसरा चिरला. मग सुरीची धार डोळ्यांसमोर धरून कितीतरी वेळ बघत बसला.

"काय दिसतंय?" दगडाबाईंनी विचारलं.

"काहीच दिसत न्हाई, मावशी. इतकी बारीक हाय."

"मंग कळलं म्हणायचं. चल, लसूण सोलायचाय अजून."

घरी आल्यावर त्यानं नव्या पात्यांना हात घातला. पातळ करायचं बोलायला सोपं. पातळ पातं तापवून तेलात बुडवलं की वाकायचं. पहिलं वाकलं, दुसरं वाकलं, तिसऱ्यातून 'टिंग' असा आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत चीर गेली. मग त्यानं उलटा मार्ग धरला. पाणी पाजताना पातं जाड ठेवायचं आणि नंतर घासून उतरवायचं. घासताना पोलाद तापलं तर धार मऊ पडते, म्हणून हातमोजे काढून टाकले. बोटांना चटका बसला की लगेच पातं पाण्याच्या बादलीत. अशी सगळ्यांत आधी बाईंची सुरी घासली. घासताना जुनी नक्षी पुसून गेली. अॅसिडातून पुन्हा वर काढली, तर वेगळीच नक्षी उमटलेली. रेघा जास्त लांब, जास्त मोकळ्या.

वाईला बाईंनी सुरी हातात घेतली, तोलून बघितली आणि काकडीवर ठेवली. दाबावी लागलीच नाही. चकत्या एकामागून एक आडव्या होत गेल्या. एक काकडी झाली, दुसरी घेतली. मग टोमॅटो, मग कांदा, मग मिरची. एकट्या राहणाऱ्या बाई, कोशिंबीर झाली चौघांची. आकारामला जेवूनच उठावं लागलं.

"पहिल्या वर्गात पास," ताट वाढताना त्या म्हणाल्या. "आणि गंज चढू नये म्हणून रोज पुसायची, हे पाठ झालंय माझं. पुन्हा सांगू नका."

दगडाबाईंकडं तो नवी नक्षीदार सुरी घेऊन गेला, भेट म्हणून. त्यांनी गाजर चिरलं, कोबी चिरला, मान डोलावली. म्हणाल्या, "ब्येस. अशाच सहा कर माझ्या बायांस्नी. पर नक्षी नको."

"नक्षी नको?"

"नक्षी कांद्याला दिसती व्हय?"

आकारामला ते टोचलं, पण घरी सांगताना त्याचं त्यालाच हसू आलं. करवतीच्या पोलादाच्या सहा साध्या सुऱ्या त्यानं पंधरा दिवसांत करून दिल्या. एका लग्नात सहा सुऱ्या वीस आचाऱ्यांच्या डोळ्यांत भरतात. मिरज, विटा, कराडकडून फोन येऊ लागले. आता साध्या सुऱ्या घर चालवतात, आणि महिन्याकाठी दोन-तीन नक्षीच्या होतात, निवांत, मनाजोगत्या. त्यांचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईकडचं. कुणी विचारलं तर तो अजूनही स्वतःला शिकाऊच म्हणवतो. परवाच एक पातं तेलात वाकलं. त्यानं ते उन्हात धरून बघितलं, भंगारात टाकलं आणि दुसरं घेतलं.

अंजना मात्र हल्ली घण मारून झाला की शेडमधून लगेच जात नाही. उरलेल्या नक्षीच्या पोलादाचा बोटभर तुकडा तिनं मागून घेतलाय. लसूण आणि मिरचीसाठी छोटी सुरी करायचीय तिला, मुठीसकट स्वतःच्या हातानं. काल दुपारी तिनं सांडशी उचलली, तुकडा भट्टीत घातला आणि मागं वळून न बघता म्हणाली,

"आवं, घण घ्या. आज तुमची पाळी."